मलिक अंबर : ज्याला कधी पाहिलंही नाही, त्याच्या मुंडक्यावर जहांगीरने बाण का सोडला?

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथल्या चेस्टर बीटी संग्रहालयात एक मुघल चित्र आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या हातात ताणलेलं धनुष्य आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचं कापलेलं मुंडकं खोचलंय आणि त्यात बाण रुतलाय. मुंडक्यावर घुबड बसलंय. घुबडाला अशुभ मानायचं हे मुघल दरबारातही आपल्यासारखंच होतं. त्याच चित्रात बादशहाच्या न्यायाची खूण म्हणून तराजू आणि घंटा लावलेली न्यायाची साखळीही काढलेली आहे.

चित्रकाराचं नाव अबुल हसन, चित्राचा काळ साधारण १६१६. आणि मुंडकं मलिक अंबरचं.

आता मुद्दा असा, की हे चित्र रंगवलं जात होतं तेव्हा मलिक अंबरचं डोकं त्याच्या धडावर अगदी शाबूत होतं. पुढची दहा वर्षं ते तसंच राहिलं. जहांगीर त्याला कधी हरवून पकडू शकला नाही. एवढंच काय, हे दोघं आयुष्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत. बादशहा दक्षिणेला आला तो फार तर मांडूपर्यंत, आणि मलिक अंबर मुघल दरबारात कधी गेलाच नाही.

मग न पाहिलेल्या माणसाबद्दल एवढा राग आला कुठून? त्यासाठी आधी डब्लिनहून थेट जालना जिल्ह्यात यावं लागेल.

रोषणगावची लढाई

जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यात रोषणगाव आहे. मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखंच एक गाव. १६१६ च्या सुरुवातीला या गावाच्या परिसरात मुघल आणि निजामशाही फौजा भिडल्या.

तेव्हा अहमदनगरची निजामशाही म्हणजे व्यवहारात मलिक अंबर होता. गादीवर सुलतान दुसरा, पण फौज, महसूल, तह, लढाया सगळं याच्या हातात. आणि त्याचं वय झालं होतं जवळपास ६८. मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये रोखून धरणारा हा म्हातारा आता संपला, असं त्याच्याच काही सरदारांना वाटायला लागलं होतं. त्यातले काही हबशी आणि काही मराठे सरदार बाळापूरला मुघल सेनापती शाहनवाज खानाला जाऊन मिळाले. हा शाहनवाज म्हणजे कवी म्हणून आपल्याला माहीत असलेल्या अब्दुल रहीम खानखानाचा मुलगा. फुटलेल्या सरदारांमध्ये एक नाव ठळक होतं, सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील. जालन्याला लागून असलेल्या मुलखातला एवढा मोठा सरदार समोरच्या बाजूला गेल्यावर काय होणार, हे दिसतच होतं.

दिवस कलताना लढाई पेटली आणि अंधार पडेपर्यंत अंबरची फौज फुटली. बाण, म्हणजे त्या काळातली अग्निबाणाची शस्त्रं, लादलेले ३०० उंट, हत्ती, घोडे असं बरंच काही मुघलांच्या हाती लागल्याची नोंद जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. विजयी फौज तिथून खडकीला पोहोचली. खडकी म्हणजे अंबरने वसवलेलं शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहर रिकामं होतं. मुघलांनी ते जाळलं, पाडलं आणि ते परत गेले.

बातमी अजमेरला पोहोचली, कारण त्या वर्षी दरबार तिथे होता. चित्र त्याच सुमाराचं आहे. रोषणगावात जे मुंडकं मिळालं नाही, ते कागदावर मिळवलं, असं हे प्रकरण.

काळं तोंड

जहांगीर वाईट निरीक्षक होता म्हणावं तर तेही खरं नाही. त्याचं आत्मचरित्र वाचलं तर तो सारस पक्ष्यांच्या जोडीवर पानंच्या पानं लिहितो, फुलं, फळं, प्राणी यांची बारीक वर्णनं करतो. दोन चित्रकारांचा हात नुसत्या नजरेने ओळखता येतो, याचा त्याला अभिमान होता. पण मलिक अंबरचं नाव आलं की हे सगळं कुतूहल संपतं. नावापुढे शिवी येते, आणि शिवी येते ती बहुतेक वेळा रंगावरून. काळतोंड्या, करंटा, अशा अर्थाची विशेषणं.

फारसीत काळ्या चेहऱ्याचा या शब्दाला दोन अर्थ आहेत, रंगाने काळा आणि बदनाम झालेला. मराठीतही तोंड काळं करणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यामुळे बादशहाने ही शिवी दिली की एका दगडात दोन पक्षी मरायचे. माणसाचा रंगही सांगितला आणि त्याचा गुन्हाही सिद्ध झाला. पुरावा द्यायची गरजच नाही.

त्याच्याकडे माहिती यायची ती सेनापतींच्या पत्रांतून. आणि दख्खनमधले मुघल सेनापती काय लिहीत असतील? हरले तर शत्रू कपटी होता, जिंकले तर शत्रू पळपुटा होता. वर हे सेनापती एकमेकांवरच लाच खाल्ल्याचे आरोप करायचे. खुद्द खानखानावरही अंबरला आतून सामील असल्याचा संशय घेतला गेला. या सगळ्या चिखलातून अजमेरला जे चित्र पोहोचत होतं, त्यात अंबर हा माणूस कुठे दिसणार?

चापू, अंबर, मलिक

त्याचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. इथिओपियाला अरबी भाषेत हबश म्हणतात, त्यावरून तिथली माणसं ती हबशी. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राच्या काठावरच्या मोखा बंदरात त्याला २० डुकॅटना विकलं, असं पुढे त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. डुकॅट म्हणजे युरोपातलं सोन्याचं नाणं. तिथून तो बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं आणि नवं नाव दिलं, अंबर.

अंबर हे सुगंधी द्रव्य आहे. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. बाजारात विकत घेतलेल्या पोरांना अशी मौल्यवान वस्तूंची नावं द्यायची पद्धत होती. माणसाची किंमत ठरलेली आणि नाव वस्तूचं.

हा तरुण दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. चंगेज खानाकडे असे हजारभर हबशी गुलाम होते. दख्खनमध्ये हबशांना मागणी होती, कारण इथल्या दरबारात दोन तट होते. एक इथले दख्खनी, दुसरे इराण आणि त्या बाजूने आलेले परदेशी. हबशी आफ्रिकेतून आलेले असले तरी परत जायला त्यांना घर नव्हतं. ते इथेच राहणार, इथेच लग्न करणार, इथलीच भाषा बोलणार. त्यामुळे ते दख्खनींच्या बाजूने मोजले जायचे. परदेशी लोकांच्या डोळ्यांत मात्र ते कायम गुलामच असायचे.

चंगेज खानाचा शेवट कसा झाला, ते इतिहासकार फिरिश्ता सांगतो. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकलं. त्यानंतर दरबारात कुजबुज सुरू झाली, की पेशवा आता वऱ्हाडात स्वतःचं राज्य काढणार. सुलतान मूर्तझाच्या मर्जीतल्या एकाने ही कुजबुज सुलतानाच्या कानात घातली. सुलतानाने विष पाठवलं. पेशव्याने ते घेतलं. त्याचा काही दोष नव्हता, हे सुलतानाला नंतर समजलं.

मालक गेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. तेव्हा तो पंचविशीत होता आणि एका अफवेची किंमत काय असते ते त्याने जवळून पाहिलं होतं. पुढची वीसेक वर्षं तो कधी इथे तर कधी तिथे चाकरी करत राहिला. विजापूरच्या आदिलशहाने त्याला मलिक हा किताब दिला. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परत आला तेव्हा त्याच्या हाताखाली दीडशेच्या आसपास स्वार होते.

पाच वर्षांनी, १६०० मध्ये, मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. किल्ला लढवणारी चांदबीबी शत्रूच्या हातून मेली नाही. ती मुघलांना फितूर झाली, अशी हाकाटी किल्ल्यात उठली आणि आपल्याच माणसांनी तिला मारलं.

सुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असं सगळ्यांनी धरलं. मलिक अंबरने धरलं नाही. त्याने घराण्यातला एक मुलगा शोधला, परंड्याला त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. हा दुसरा मूर्तझा निजामशहा.

जवळून पाहणारे काय म्हणतात?

जहांगीरने मलिक अंबरला पाहिलं नाही, पण पाहणारे काही होते. १६१० च्या आसपास हिंदुस्थानात फिरलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच लिहितो, की त्याच्याकडे त्याच्या जातभाईंपैकी दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार फौज आहे. हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ज्याला दिल्ली-आग्र्याकडचे नुसता हबशी म्हणत होते, त्याच्या फौजेत पाचातले चार जण हबशी नव्हतेच. त्यात मोठा भरणा मराठ्यांचा होता. अचानक छापा घालायचा, रसद तोडायची आणि डोंगरात गायब व्हायचं, या बर्गीगिरीच्या लढाईत मराठा घोडेस्वार त्याच्याबरोबर तयार झाले. शहाजीराजे त्यांतलेच एक.

डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक १६१७ मध्ये त्याच्या छावणीत गेला. म्हणजे रोषणगावच्या पराभवानंतर वर्ष-दीड वर्षाने. मोखाच्या २० डुकॅटची नोंद याचीच. गंमत म्हणजे त्यानेही सुरुवात चेहऱ्यापासूनच केली. काळा, उंच, धिप्पाड, कठोर चेहऱ्याचा, आणि डोळे पांढुरके, जे त्याला शोभत नाहीत, असं त्याचं मत. पण तो तिथेच थांबला नाही. तो पुढे लिहितो, की हा माणूस कारभार उत्तम करतो, लोक त्याला मानतात आणि दारुड्यांना तो भयंकर शिक्षा देतो.

त्याच्या कारभाराची खरी साक्ष मात्र परदेशी पाहुण्यांपेक्षा इथल्या शेतसाऱ्यात आहे. त्याच्या आधी महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत फोफावली होती. जो जास्त बोली लावेल त्याने गावं घ्यायची आणि मग रयतेला पिळायचं. अंबरने जमिनीचा कस बघितला, बागायत आणि जिरायत वेगळी केली, प्रत्यक्ष पीक किती येतं त्यावर सारा बांधला आणि वसुलीत गावच्या पाटलाला जबाबदार धरलं. पुढे शिवकाळातल्या आणि त्यानंतरच्या मराठी कागदांत मलिकंबरी हा शब्द येत राहतो, तो या पद्धतीसाठी. ज्या माणसाचं नाव बादशहाला शिवीशिवाय लिहिता येत नव्हतं, त्याचं नाव इथे शेतसाऱ्याच्या हिशेबात चलनी झालं होतं.

आणि चित्रांचंच म्हणायचं तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशिम या चित्रकाराने काढलेलं त्याचं एक व्यक्तिचित्र आहे, १६२० च्या आसपासचं. त्यात घुबड नाही, भाला नाही. पांढऱ्या अंगरख्यातला, कमरेला शस्त्र असलेला एक भारदस्त म्हातारा सरळ उभा आहे.

विषाची गोष्ट

तो संत होता असं मात्र कुणी समजू नये. १६१० मध्ये जावई मूर्तझा निजामशहा मेला. व्हॅन डेन ब्रुकच्या वृत्तांतात याची हकिकत येते. सुलतानाची एक बायको इराणी वंशाची, गोरी. दुसरी अंबरची मुलगी. जनानखान्यातल्या भांडणात गोऱ्या बायकोने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि तिच्या बापालाही नावं ठेवली. मुलीने बापाला निरोप पाठवला. त्यानंतर सुलतान आणि ती बायको, दोघांनाही विष दिलं गेलं. गादीवर सुलतानाचं लहान मूल बसलं आणि सत्ता होती तिथेच राहिली.

राज्य एकहाती मिळवायला हे सोयीचं होतं, हे उघड आहे. त्यामुळे राग खरा होता की निमित्त, यावर वाद घालता येतो. पण ही हकिकत छावणीत सात वर्षांनीही सांगितली जात होती आणि तिचा गाभा होता रंगाचा टोमणा. निजामशाहीचा सगळा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा होता, त्याची मुलगी सुलतानाच्या महालातही गुलामाची पोरच होती.

संपलेला माणूस परत येतो

रोषणगावनंतर मलिक अंबर संपला नाही. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम दक्षिणेत आला तेव्हा अंबरने तह केला, मुलूख दिला, अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या. या यशाबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. तीन वर्षांत अंबरने गेलेला बहुतेक मुलूख परत घेतला आणि १६२० मध्ये त्याच्या तुकड्या नर्मदा ओलांडून मांडूच्या आसपास पोहोचल्या. शाहजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली, पुन्हा तह झाला.

मग १६२४ ची भातवडी. अहमदनगरजवळच्या या गावात एका बाजूला मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला ७६ वर्षांचा मलिक अंबर. त्याने तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडलं, चिखलात फौज अडकवली आणि रसद तोडली. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले. आदिलशाही सेनापती मारला गेला, मोठमोठे मुघल सरदार कैद झाले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. शाहजहानने बापाविरुद्ध, म्हणजे जहांगीरविरुद्ध बंड केलं होतं. बंगालपर्यंत जाऊन, हरून तो दक्षिणेकडे आला. आसरा द्यायला कोण उरलं होतं? ज्याच्याविरुद्ध दोनदा चालून आला आणि ज्याच्यावरच्या यशासाठी किताब मिळवला, तोच मलिक अंबर. अंबरने त्याला जवळ केलं आणि दोघांच्या फौजांनी मिळून मुघलांच्या बुऱ्हाणपूरला वेढा घातला. मुघल गादीचा होणारा वारस बापाने काळतोंड्या ठरवलेल्या माणसाच्या आधाराने उभा होता.

मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, ऐंशीच्या उंबरठ्यावर. खुलताबादला त्याची कबर आहे, शेजारी बायको बीबी करीमाची.

तो गेल्याची बातमी मुघल इतिहासात नोंदवली ती मुतमद खानाने. हा साधा लेखनिक नव्हता. जहांगीरची तब्येत बिघडल्यावर त्याचं आत्मचरित्र पुढे लिहिण्याचं काम याच माणसाकडे आलं होतं, म्हणजे बादशहाची लेखणी काही काळ याच्याच हातात होती. पण स्वतःचा ग्रंथ लिहिताना, इकबालनामा या इतिहासात, तो वेगळंच लिहितो. युद्धात, हुकमतीत, निर्णयात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. बर्गीगिरी त्याला पुरती कळत होती. मुलखातल्या दंगेखोरांना त्याने वचकात ठेवलं आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत मान राखून जगला. एखादा हबशी गुलाम एवढ्या उंचीला पोहोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. असा त्या मजकुराचा आशय. शिवी एकही नाही.

मुघलांनी दोनदा उद्ध्वस्त केलेली खडकी दोन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. अंबरच्या मागे त्याचा मुलगा फतेह खान याने तिचं नाव फतेहनगर केलं, औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झालं. डोंगराकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणारी अंबरने बांधलेली नहर मात्र या सगळ्या नामांतरांच्या काळातही वाहत राहिली. नहर-ए-अंबरी हे तिचं नाव कुणी बदललं नाही.